सोपं म्हणणाऱ्याने चहा करावा

सरांच्या ऑफिसात एक नियम होता. 'हे तर सोपं आहे', 'यात काय एवढं', 'हे तर दिसतच होतं' असलं काही ज्याच्या तोंडून निघेल, त्याने उठून सगळ्यांसाठी चहा करायचा. नियमातून कोणाची सुटका नव्हती. एकदा मुंबईहून एक मोठे वकील आले होते. बोलता बोलता ते म्हणाले, "दॅट्स ऑब्व्हियस." आमचे टायपिस्ट गजूभाऊ उठले, त्यांना अदबीने गॅसच्या शेगडीपाशी घेऊन गेले आणि हातात गाळणी दिली. वकिलांना वाटलं, थट्टा चालली आहे. सर चहा येईपर्यंत खाली मान घालून कागद वाचत राहिले.

ऑफिस नागपूरच्या सीताबर्डीत होतं, मोबाईलची कव्हरं आणि चार्जर विकणाऱ्या दुकानांच्या डोक्यावर. जिना इतका अरुंद की वर येणारा आणि खाली जाणारा यांची आधी बोलणी व्हावी लागत. दारावर सरांचं नाव आणि त्याखाली 'पेटंटची कामे' एवढंच लिहिलेलं. ते वाचून कधीमधी कोणी पेटंट औषधांचं दुकान समजून गुडघेदुखीचं औषध विचारायला येई. सर त्याला बसवून पाणी देत, गुडघ्याची चौकशी करत आणि मगच सांगत की इथे ते मिळत नाही.

सरांचं काम काय होतं, हे मला घरी समजावून सांगायला फार त्रास पडला. पेटंट मिळायला वस्तू नुसती नवी असून भागत नाही. आधी छापून आलेले सगळे कागद समोर ठेवले असते, तर त्या कामातल्या साधारण जाणकाराला ती वस्तू सहज सुचली असती का, असंही विचारतात. सुचली असती तर पेटंट नाही. सर आयुष्यभर या एकाच प्रश्नावर भांडले. त्यांची तक्रार अशी, की हा प्रश्न विचारणाऱ्याच्या हातात उत्तर आधीच असतं.

"उत्तर पाहिलेल्या माणसाले सगळंच सोपं दिसते बेटा," ते म्हणायचे. "त्याची साक्ष काय कामाची?"

म्हणून त्यांनी एक पद्धत पाडली होती. नवीन प्रकरण आलं, की ज्यात खरी युक्ती लिहिलेली असे तो कागद गजूभाऊ लोखंडी कपाटात टाकून किल्ली खिशात ठेवत. सरांनाही तो लगेच पाहायची मुभा नसे. सर आधी फक्त अडचण समजून घेत, मग जुने कागद वाचत, आणि ती वस्तू आपल्याला सुचते का ते पाहत. मग ऑफिसातल्या दुसऱ्या कोणाला बसवत. दोघांचं डोकं चालेनासं झालं की कपाट उघडायचं. उत्तर माहीत असलेला ऑफिसात तेवढ्या काळात एकच माणूस, गजूभाऊ. ते त्या दिवसांत जरा ऐटीत चालत.

मी तिथे कशी लागले तेही याच पद्धतीमुळे. माझं घर भिवापूरचं. आई-बाबा दोघंही मिरचीच्या सातऱ्यावर, म्हणजे वाळल्या मिरचीची देठं खुडतात त्या आवारात, कामाला. आमच्या घरात कॉलेजचं तोंड पाहिलेली मीच पहिली. नागपूरला मेकॅनिकलची डिग्री घेतली खरी, पण तिथे मी एक गोष्ट पक्की शिकले होते, ती म्हणजे गप्प बसणं. वर्गात मास्तर म्हणायचे, "हे सोपं आहे, हे तुमचं शाळेतच झालं असेल." माझं झालेलं नसायचं. मी मान हलवायची. सोपं या शब्दाची मला तेव्हा भीतीच बसली होती.

मुलाखतीला सरांनी पाण्याच्या टाकीच्या एका झडपेचं चित्र पुढे केलं. त्यात एक अडचण होती, ती सांगितली आणि म्हणाले, "काय करशील?" मी पुष्कळ वेळ पाहत राहिले. शेवटी मी म्हणाले, "मला नाही येत सर."

मी पर्स उचलत होते. सर म्हणाले, "नाही येत, ते समजलं. कुठवर येते?"

असं मला आजवर कोणी विचारलं नव्हतं. मी परत बसले आणि सांगितलं, की इथवर जाते, इथे पाणी उलटं येईल असं वाटतं, म्हणून पुढे पाऊल पडत नाही. सरांनी डोळे मिटून ऐकलं. उघडले तेव्हा म्हणाले, "उद्यापासून ये."

नंतर एकदा मी विचारलं, की बाकीची मुलं मार्कांनी माझ्यापेक्षा वर होती, मग मलाच काहून घेतलं.

"ते सगळे हुशार होते," सर म्हणाले. "एकही जण 'माहीत नाही' असं नव्हता म्हणत. मले असा माणूस पाहिजे होता, ज्याले माहीत नाही आणि ते नीट सांगता येते."

ज्या गोष्टीची मला लाज वाटायची, तिच्यासाठी मला नोकरी मिळाली होती. त्या दिवशी बर्डीच्या बसस्टॉपवर मी दोन बस सोडून दिल्या. जरा उभं राहावंसं वाटलं.

ही पद्धत सरांनी ऑफिसापुरती ठेवली असती तर त्यांना कोणी विक्षिप्त म्हटलं नसतं. पण ते सगळीकडे तसेच. क्रिकेटची मॅच ते संध्याकाळी रेकॉर्ड केलेली पाहत, आणि तोवर निकाल कळू नये म्हणून बर्डीतून जाताना कानात बोटं घालून चालत. पानठेलेवाले त्यांना ओळखून होते. सर दिसले की मुद्दाम ओरडायचे, "सर, सांगू का?" सर पळत सुटायचे. एवढ्या मोठ्या माणसाला व्हरायटी चौकात कानात बोटं घालून पळताना पाहणं हा त्या लोकांचा उन्हाळ्यातला विरंगुळा होता.

डब्याचंही तेच. जेवायला बसलं की डबा उघडायचा नाही. आधी काल घरात काय काय भाजी होती ते सर सांगणार, मग काकूंनी, म्हणजे सरांच्या बायकोने, त्यातून काय केलं असेल ते आम्ही ओळखायचं. "वांगी होती, ओल्या तुरीचे दाणे होते, अर्धी पत्ताकोबी." मी म्हणायची भरीत, गजूभाऊ म्हणायचे दाण्याची आमटी. डब्यातून निघायचा पत्ताकोबीचा झुणका. काकूंना हा खेळ ठाऊक होता आणि त्या आम्हाला हरवण्यासाठीच स्वयंपाक करत, अशी गजूभाऊंची खात्री होती. अगदीच अनपेक्षित काही निघालं तर सर डब्याकडे पाहत एक वाक्य म्हणायचे, "हे माझ्या लक्षात आलं नसतं." यापेक्षा मोठी शाबासकी त्यांच्यापाशी नव्हती, आणि ती ते फार जपून देत. मला ती कधीच मिळाली नाही.

मंजूषाताई आल्या त्या भर मे महिन्यात, तोंडाला ओढणी गुंडाळून, खांद्याला कापडी पिशवी. पिशवी टेबलावर ठेवली तर आत लोखंड वाजलं. त्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवत. ती नोकरी सोडून त्यांनी हिंगण्याला छोटासा कारखाना काढला होता आणि तिथे इंजिनात बसवायचं एक दातेरी चाक तयार केलं होतं. पेटंटचा अर्जही त्यांनी स्वतःच लिहून भरला होता. मग एक मोठी कंपनी चाक पाहायला आली, पाहून गेली, आणि काही दिवसांनी तसंच चाक स्वतः करू लागली. आता त्याच कंपनीने ताईंच्या अर्जाला विरोध दाखल केला होता. त्यांचं म्हणणं, यात युक्ती काहीच नाही, कोणालाही सुचेल.

"अर्ज गेला तर चाक त्यांचं," ताई म्हणाल्या. "त्यांच्या भावात मी नाही विकू शकत. मग कारखान्याला कुलूपच."

त्या पिशवीत हात घालणार तेवढ्यात सर ओरडले, "दाखवू नका." ताई दचकल्या. गजूभाऊंनी पिशवी आणि फाइल उचलून कपाटात टाकली, किल्ली फिरवली आणि म्हणाले, "घाबरू नका ताई, इथं असंच असते."

अडचण त्यांनी सांगितली ती अशी. आताच्या काही गाड्या सिग्नलला थांबल्या की पेट्रोल वाचवायला इंजिन आपोआप बंद होतं आणि निघताना चालू होतं. इंजिनाचा मुख्य फिरता दांडा, क्रँकशाफ्ट, त्याच्यावर दातेरी चाक असतं. शेजारचा सेन्सर दात मोजतो आणि दांडा कुठवर फिरला ते सांगतो. त्यावरून ठिणगी कधी टाकायची ते ठरतं. पण झोका थांबताना जसा जरा मागे येतो, तसा बंद होणारा दांडाही किंचित मागे फिरतो. सेन्सरला दात गेला एवढंच दिसतं, पुढे गेला की मागे, ते दिसत नाही. मोजणी चुकते, ठिणगी चुकते, आणि गाडी निघताना झटका देते. दुसरा सेन्सर बसवायला जागा नाही.

जुने कागद तीन होते. एकात साधं दातेरी चाक. दुसऱ्यात दोन सेन्सर लावून दिशा ओळखलेली. तिसरा कापड विणायच्या मागाचा, त्यात चाकाचे दात दोन्ही बाजूंनी तिरपे केलेले, एकीकडे कमी, दुसरीकडे जास्त, म्हणजे चाक उलटं फिरलं की कळावं.

सरांना नाही सुचलं. मग माझी पाळी. आम्ही गॅलरीत फेऱ्या मारत होतो, खाली ऑटोवाले भांडत होते.

"हा मागाचा तिरपा दात घ्यावासा वाटतो सर," मी म्हणाले. "पण चालणार नाही."

"काहून?"

"मागाला नुसती दिशा पाहिजे. इंजिनाला नेमका क्षण पाहिजे. तिरपा दात हळूहळू समोर येतो. मग ठिणगी टाकायची कधी? दात सरळ उभाच पाहिजे. मी तर दुसरा सेन्सरच लावीन."

"जागा नाही असं म्हणून राहिल्या ना त्या."

"मग मला नाही येत."

"कुठवर येते?"

"तिरप्या दातापाशी जाऊन परत येते सर."

सरांनी मान हलवली आणि गजूभाऊंना कपाट उघडायला सांगितलं. ताईंच्या चाकाचे दात एका बाजूने उभे कापलेले होते आणि दुसऱ्या बाजूने तिरपे. उभी बाजू पुढे. क्षण उभ्या बाजूवरून घ्यायचा, दिशा तिरप्या बाजूवरून. बस. सर ते चाक हातात फिरवत राहिले. मला तर रडूच आलं, इतकं ते जवळ होतं. माझ्या तोंडून 'हे तर' एवढं निघालं आणि गजूभाऊ शेगडीकडे बोट दाखवू लागले, म्हणून मी गप्प झाले.

सर ताईंना म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नसतं."

पण मग त्यांनी ताईंचा अर्ज आणि कंपनीचा विरोध शेजारी ठेवून वाचला आणि त्यांचा चेहरा उतरला. ताईंनी अर्जात स्वतःच लिहिलं होतं, की दाताची अशी रचना वाचकाच्या सहज लक्षात येईल. कंपनीने तेवढीच ओळ उचलून ठळक केली होती. कंपनीचं म्हणणं, जिने शोध लावला तीच म्हणते सोपं आहे, मग आम्ही वेगळं काय म्हणतो.

"ताई, हे तुम्ही लिहिलं?"

"हो," ताई म्हणाल्या. "वर्गात मी नेहमी असंच म्हणते. सोपं आहे म्हटलं की मुलं घाबरत नाहीत."

मग ताईंनी भिंतीवर चिकटवलेला चहाचा नियम वाचला, उठल्या आणि शेगडीपाशी गेल्या. त्यांची पाठ आमच्याकडे होती. गजूभाऊ हळूच म्हणाले, "राहू द्या ताई, तुम्ही तर पाहुण्या आहात." त्या म्हणाल्या, "नाही, करू द्या मला." चहात साखर टाकायची राहून गेली होती. आम्ही तसाच प्यायलो.

सुनावणी कॉम्प्युटरवर झाली. पडद्यावर एका चौकटीत पेटंट कार्यालयाचे अधिकारी, दुसऱ्यात कंपनीचे दिल्लीचे वकील, तिसऱ्यात आम्ही सगळे एका बाकावर. बोलणं इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते. वकिलांनी पहिला कागद दाखवला, मग मागाचा कागद दाखवला, दोन्ही एकावर एक ठेवले आणि म्हणाले, झालं चाक. मग ताईंची ती ओळ वाचली. अधिकाऱ्यांनी चष्मा काढला आणि सरांना विचारलं, "याला तुमचं उत्तर काय?"

सर म्हणाले, "साहेब, ही ओळ एका शिक्षिकेची आहे. शिकवणारा माणूस सोपं आहे म्हणतो ते पोराचं भय जावं म्हणून. त्याला स्वतःला ते किती अवघड गेलं, हे तो वर्गात सांगत नाही. ते आज त्यांना सांगू द्या."

मग ताईंनी पिशवीतून चाकं काढली. ती आम्हीही पाहिली नव्हती, सरांनी त्यांना एकटीलाच काय ते सांगून ठेवलं असावं. त्या एकेक चाक कॅमेऱ्यापुढे धरून सांगत गेल्या. या चाकाचे दात दोन्हीकडून तिरपे, इंजिन चालूच झालं नाही. याची तिरपी बाजू पुढे, ठिणगी भरकटली, झटक्याने माझ्या कारागिराचं मनगट मुरगळलं. यानंतर मी तिरपा दात सोडून दिला होता. उभ्या दाताकडे परत गेले होते. ताईंचा आवाज वर्गातला होता, शांत.

सर पुढे झाले. "साहेब, या दोन कागदांमध्ये वाट आहे, हे खरं. पण त्या वाटेवर निघालेला जाणकार माणूस तिरप्या दातापाशी जातो आणि परत येतो. कारण मागाला दिशा पाहिजे आणि इंजिनाला क्षण. तो परत का येतो, हे ज्याला दिसत नाही, त्याने उत्तर आधी पाहिलेलं असतं."

माझेच शब्द होते ते. गॅलरीत, ऑटोवाल्यांच्या भांडणावर, उत्तर न येणाऱ्या मुलीने बोललेले. सरांनी ते एकही इकडचा तिकडे न करता तिथे नेऊन ठेवले होते. मी बाकाची कड घट्ट धरून बसले.

काही महिन्यांनी आदेश आला. ताईंचा अर्ज मंजूर झाला होता, विरोध फेटाळला होता. कारणांमध्ये एक वाक्य होतं, की जुने कागद जाणकाराला तिरप्या दातापासून परतच फिरवतात. सरकारी इंग्रजीत होतं, पण मी ओळखलं. हिंगण्याचा कारखाना आजही चालू आहे. मनगट मुरगळवणारं ते चाक ताईंनी मला दिलं. ते माझ्या टेबलावर असतं.

आदेश आला त्याच दिवशी सरांनी मला आत बोलावलं. "बेटा, आता तू माझ्या कामाची नाही राहिली."

मला वाटलं, नोकरी गेली.

"तुले आता पुष्कळ माहीत झालं," ते म्हणाले. "पहिले तुले काही द्यायचं तर तू अडायची. आता पहिल्या कागदालेच तुले उत्तराचा वास येते. माझा अडणारा माणूस गेला. आता तू पेटंट एजंटच्या परीक्षेले बस आणि आपला एक अडणारा माणूस शोध."

पुस्तकं त्यांनी आधीच आणून ठेवली होती. शिकवलंही त्यांनीच, रोज ऑफिस सुटल्यावर, आणि मी अडले की चेहरा उजळायचा त्यांचा.

पास झाल्यावर मी भिवापूरला गेले. घरी माणसं जमली होती, चहा होऊन गेला होता. बाबा ओट्यावर बसून पाहुण्यांना सांगत होते, "हे तर दिसतच होतं गा. लहानपणापासूनच हुशार होती पोरगी."

मला हसू आलं. काही म्हणजे काही दिसत नव्हतं. बारावीनंतर याच बाबांनी मला सातऱ्यावर आईशेजारी बसवलं होतं, त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं, मलाही नव्हतं. मिरचीच्या धुळीने डोळे चुरचुरत होते आणि पुढे काय आहे ते कोणालाच ठाऊक नव्हतं. इथे बसून मागे पाहिलं की रस्ता सरळ दिसतो. तिथून पुढे पाहताना प्रत्येक ठिकाणी परत फिरावंसं वाटलं होतं, आणि परत फिरत होते तेव्हा एका माणसाने विचारलं होतं, कुठवर येते.

पाहुणे गेल्यावर मी म्हणाले, "बाबा, चहा करा."

"मी? काहून वं?"

मी नियम सांगितला. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली. बाबांनी जन्मात कधी चहा केला नव्हता. तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि उठून आत गेले.

रात्री सरांना फोन करून हे सांगायला लागले तर त्यांनी मधेच थांबवलं. "कसा झाला ते सांगू नको. घरात काय होतं तेवढं सांग."

"पत्ती, साखर, अद्रक. दूध संपलं होतं."

"लिंबू?"

"होतं."

"मग काळा चहा. लिंबू पिळून."

"नाही सर."

"गवती चहा टाकून?"

"नाही."

"हरलो. बोल."

"शेजारच्या काकूंनीच सांगितलं, बाबा मागच्या दाराने त्यांच्याकडे गेले. म्हणाले, तुमच्याकडचा आयता चहा द्या थोडा, पोरीले मी केला म्हणून सांगायचं आहे."

मग सर म्हणाले, "हे माझ्या लक्षात आलं नसतं."

"बाबांना सांगू का, सर?"

"मीच सांगतो," ते म्हणाले. "फोन दे त्यांच्याजवळ."